देवापुढची बाटली

१

दिनकर हिंगणकर दूध पिऊन मेला. गल्लीला एवढंच कळलं आणि गल्लीला तेवढं पुरलं.

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर होता. लखनौच्या जानकीपुरमवर धुकं असं बसलेलं, की समोरच्या घराचं फाटकसुद्धा अंदाजानं शोधावं लागे. रविवारी संध्याकाळी कल्पनानं नवऱ्याला ग्लासभर गरम दूध दिलं. तो ते प्यायला, थोडा वेळ हसतखेळत होता, मग छाती चोळत आडवा झाला तो उठलाच नाही. बँकेतला अधिकारी, वय त्रेपन्न, ना दारू ना बिडी.

वरच्या मजल्यावर राहणारा धाकटा भाऊ संग्राम धावत खाली आला. त्यानं आधी नाडी पाहिली, मग ग्लास पाहिला. तळाशी पांढरा चिकट गाळ होता.

"वहिनी, दुधात काय होतं?"

कल्पना गप्प.

"मी काय विचारतोय? क्या मिलाया था उसमें?"

कल्पना गप्पच. कानपूरच्या हॉस्टेलवरून धावत आलेल्या लेकीनं, जुईनं, विचारलं तरी गप्प. शेवटी ठाण्यावरचे दरोगा त्रिपाठी आले तेव्हा ती म्हणाली, "साखर." साखर ग्लासाला अशी डिंकासारखी धरून बसत नाही, हे दरोग्यालाही कळत होतं.

शवविच्छेदनात एवढंच निघालं, की हृदय बंद पडलं. ते तर प्रत्येकाचंच पडतं. पुढच्या तपासणीसाठी नमुने पाठवले आणि त्याचा निकाल कधी येणार ते देवालाच ठाऊक. संग्रामनं लेखी तक्रार दिली, की भावाला विष पाजलं. त्रिपाठी माणूस बरा होता. त्यांनी दारातच सांगितलं, "तेरहवीं हो जाने दीजिए. फिर मैडम को थाने चलना पड़ेगा."

त्या दिवसापासून जुई आईजवळ बसेना. बापाचं दहावं काकाबरोबर केलं, जेवली काकाकडे, झोपली काकाकडे. कल्पनाला तुरुंगाची भीती वाटत होती की नाही कोण जाणे. पण पोरगी जिन्यावरून उतरायची तेव्हा ही स्वयंपाकघरातून डोकावायची, आणि पोरगी मान वळवायची.

मुक्ता वझरकर दोन गल्ल्या सोडून राहायची. सरकारी औषध संशोधन संस्थेत झाडपाल्याची औषधं तपासता तपासता तिचे केस पांढरे झाले होते. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती त्याच्याच लग्नाबद्दल असा काही प्रश्न करायची, की तो पुन्हा तोंड उघडत नसे. ती आली, कल्पनासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "साखर नव्हती. काय होतं?"

कल्पनानं उठून स्वयंपाकघराचं दार लावलं. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं दोन बाटल्या बाहेर काढल्या. एक उघडलेली, अर्धी. दुसरीची लाख अजून तशीच.

"हे लपवलं मी. ताई, सांगू तरी कसं? दीर उभा, पोरगी उभी. नवऱ्याला असलं औषध देत होते म्हणून सांगू त्यांच्यापुढं?"

खुनाचा आळ चालेल, पण हे नको. आपल्या घरांतून बाईला असंच वाढवतात, आणि मग तिच्या अब्रूचे गोडवे गातात.

मुक्तानं बाटली उजेडाकडे फिरवली. वरच्या चिठ्ठीवर छापलं होतं: 'वझरकर यांचे मुळीचूर्ण. शुद्ध पांढरी मुसळी. मुक्काम आलमबाग, लखनौ.'

आलमबागचा श्रीपाद वझरकर तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

२

"मी तुम्हालाच विचारलं होतं," कल्पना म्हणाली. "दिवाळीच्या आधी. या मुळीनं काही अपाय नाही ना, म्हणून."

"आणि मी काय म्हणाले होते?"

"अपाय नाही. पण फायद्याच्या गोष्टीही फार मनावर घेऊ नकोस."

"आजही तेच म्हणते. मुसळी घरच्या खाण्यासारखी आहे. महिनामहिना खाल्ली तर अंगात थोडी ताकद येते, झोप बरी लागते. बाकी जे जाहिरातीत लिहितात ते उंदरांवर पाहिलेलं आहे. उंदीर नवराबायको म्हणून राहत नाहीत." मुक्तानं तिच्याकडे पाहिलं. "आता लाज बाजूला ठेव आणि सांग. फरक पडला होता?"

कल्पनानं पदराचा काठ दुमडला.

"गेलं वर्षभर हेच चूर्ण घेत होते. काही नाही. यांनी माझ्याकडे पाहणंच सोडलं होतं. एका खोलीत, पण पाहुण्यासारखे. मला वाटायचं, माझंच काही चुकलं. मग दिवाळीनंतर नवीन बाटल्या आणल्या. आणि ताई..." तिचा आवाज बारीक झाला. "पहिल्याच दिवशी. अर्ध्या-पाऊण तासात. म्हणजे... पहिल्यासारखं. मी रडले. तेही रडले."

"अर्ध्या तासात?"

"हो."

जमिनीतून निघालेली कुठलीही मुळी अर्ध्या तासात कामाला लागत नाही.

"आणखी काही? डोकं दुखायचं? चेहरा?"

"चेहरा लाल व्हायचा, कान तापायचे. मी चिडवायचे, नवरदेव लाजलाय म्हणून. आणि एकदा म्हणाले, अगं, या ट्यूबलाइटला झालंय काय, सगळं निळं दिसतंय. मी वर पाहिलं, तर नेहमीसारखीच होती."

"त्या संध्याकाळी काय झालं?"

"दूध प्यायले. जरा वेळानं म्हणाले, छातीत भरल्यासारखं वाटतंय, सुपारी टाकतो तोंडात, गॅस असेल. सुपारी जिभेखाली धरून बसले. मग घाम फुटला. मग मान..."

"सुपारी जिभेखाली?"

"चावायचे नाहीत हल्ली. दातांचं काही तरी होतं. खूप महिन्यांपासून अडकित्त्याला हात लावला नव्हता."

"डबी कुठाय?"

डबी खुंटीवरच्या कोटाच्या खिशातच होती. जुनी पितळी, झाकणावर मोर. लग्नात सासऱ्यांनी दिलेली. मुक्तानं ती उघडली आणि कल्पनाच्या हातावर उपडी केली.

सुपारीचं खांडही नव्हतं. टिकलीएवढ्या पांढऱ्या गोळ्या होत्या.

"हे काय आहे?" कल्पनानं विचारलं.

"छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात. हृदयाच्या रोग्याची गोळी आहे ही, कल्पना. तुझ्या नवऱ्याला हृदयाचा आजार होता."

"नाही हो. मला सांगितलं असतं."

उत्तराची गरज नव्हती. हातावर सगळं होतंच.

३

संस्थेतल्या आपल्या टेबलावर मुक्तानं दोन्ही बाटल्यांतलं चिमूट चिमूट चूर्ण घेतलं, ते विरघळवून काचेच्या पट्टीवर चढवलं आणि अतिनील दिव्याखाली धरलं. मुसळीचे फिकट पट्टे तिच्या ओळखीचेच होते. त्यांच्या वर एक गडद ठिपका होता, जो कुठल्याही मुळीत असत नाही. उघडलेल्या बाटलीत होता, आणि लाखबंद बाटलीतही होता.

त्या एका गोष्टीनं दोन माणसं सुटली. लाख श्रीपाद स्वतः लावतो आणि तिच्यावर वडिलांची, अप्पांची, जुनी मुद्रा उमटवतो. ती मोडल्याशिवाय आत काही घालता येत नाही. म्हणजे जे मिसळलं ते घरी येण्याआधी मिसळलं. कल्पना त्यात नव्हती. संग्रामही नव्हता, आणि एक दिवसभर मुक्ताच्या मनात त्याच्याबद्दल पुष्कळ काही येऊन गेलं होतं.

संग्रामला ती जिन्याखालीच भेटली.

"तुझ्या भावाला हृदयाचा आजार होता. ठाऊक होतं?"

"काहीही! दादा रोज बॅडमिंटन खेळायचा."

"खेळायचा की रॅकेट घेऊन जायचा?"

संग्राम थबकला. "गेल्या वर्षीपासून... बाकावर बसायचा. म्हणायचा, तुम लोग खेलो, मी स्कोअर सांगतो." मग एकदम उसळला, "पण तुम्ही वहिनींची बाजू घेऊ नका, मुक्ताताई. त्यांनी दूध दिलं. त्या खोटं बोलल्या. माझा भाऊ गेलाय!"

"म्हणूनच नीट बघ कोणी मारलं ते. जवळ उभं असेल त्याला धरायला अक्कल लागत नाही."

राहिला मुळीचा व्यापारी. अमीनाबादेत कापडाच्या दुकानांमागच्या बोळात छेदीलाल पंसाऱ्याचं दुकान होतं. हळद, हिंग आणि वाळक्या पाल्याच्या वासानं तिथं नाक झोंबायचं. मुक्ता उतरली तेव्हा छेदीलाल शेगडीवर हात शेकत होता.

"वझरकरजी को मूसली आप देते हैं?"

"दस बरस से. दशहरे के बाद नया माल आता है, तभी साल भर का उठा लेते हैं." त्यानं एक माळ काढून तिच्यापुढे धरली. सोललेल्या मुळ्या, पांढऱ्या, वाळून बोटभर झालेल्या, दोऱ्यात ओवलेल्या. "एक एक जड़ उलट-पलट के देखते हैं. हम कहते हैं, भाई साहब, लड़की पसंद कर रहे हैं क्या?"

"पिसी हुई लेते हैं कभी?"

"राम-राम! पिसी हुई दूँ तो हमारे हाथ से वो पानी न पिएँ."

अख्ख्या मुळीत बाहेरून काही मिसळता येत नाही. म्हणजे व्यापारीही सुटला. रिक्षात बसून परतताना मुक्ताला पहिल्यांदा थंडी वाजली. आता चौकशीला एकच घर उरलं होतं, आणि त्या घरात तिची भाऊबीज व्हायची.

४

आलमबागेत बस अड्ड्यामागच्या गल्लीत श्रीपादचं दोन खोल्यांचं घर. तो ज्या सरकारी कारखान्यात स्टोअरकीपर होता तो बंद पडला, तेव्हा त्यानं बापाची मुळी हातात घेतली. बाप परतवाड्याचा वैद्य. मेळघाटातली मुसळी अप्पा स्वतः निवडायचे, सोवळ्यात कुटायचे, धुतल्या फडक्यातून गाळायचे. आणि त्या घाण्यातली पहिली बाटली देवापुढे ठेवायचे. ती वर्षभर तिथंच राहायची आणि नवी आली की जुनी नदीत सोडायची. देवापुढे ठेवता येणार नाही ते रोग्याला द्यायचं नाही, असा त्यांचा कायदा होता. मुक्ता तो ऐकत वाढली आणि पुढं तिनं देव सोडला तरी तो कायदा सोडला नाही.

श्रीपाद घरी नव्हता. दोस्त दिनकर गेल्यापासून दुपारचा कुठं तरी चालत राहतो, असं त्याची बायको सरोजवहिनी म्हणाली. ती अंगणात फडकी धूत होती.

"या वन्सं. बघा ना, तुमच्या दादांचं हे गाळायचं फडकं. दिवाळीपासून घासतेय, नीळ काही निघत नाही. यांना म्हटलं, सोवळ्याच्या फडक्याला नीळ कशाला घातलीत? तर माझ्यावरच ओरडले. आयुष्यात ओरडले नव्हते हो."

मुक्तानं फडकं पाहिलं. निळीचा रंग सगळीकडे सारखा बसतो. इथं ठिपके होते, बारीक, शिंपडल्यासारखे. कसली तरी निळी खपली चाळणीत अडकावी तसे.

आतून संकेत आला. श्रीपादचा मुलगा, औषध कंपनीत एमआर, गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट. त्याला मराठी सगळं कळायचं आणि तो हिंदीतच बोलायचा.

"अरे आत्या! आज रास्ता कैसे भूल गईं?"

"संकेत, परदेशात यंदा एक निळी गोळी निघालीय. पुरुषांसाठी. इथं अजून दुकानात मिळत नाही. तुझ्याकडे आहे?"

संकेत हसला, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "आत्या, आपको क्या करना है?"

"मला एक दे."

तो आत गेला, बॅगेच्या कप्प्यातून एक गोळी आणून तिच्या तळहातावर ठेवली. "दुबई से दोस्त लाते हैं. डॉक्टर लोग माँगते हैं."

"बाबांना दाखवली होतीस?"

"मज़ाक में. बोला था, बाबा, आपकी जड़ी महीनों लगाती है, ये आधे घंटे में. अब कौन ख़रीदेगा आपकी मूसली?"

"मग?"

"फिर क्या? कुछ नहीं."

"पाकिटं कमी झाली का तुझ्या बॅगेतली?"

अंगणात सरोजवहिनीचा हात थांबला. संकेतनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. मग टाय सैल केली.

"मैंने मिलाया," तो म्हणाला. "बाबा को कुछ नहीं पता. वो बाज़ार गए थे, परात में सारा चूर्ण तैयार पड़ा था. मैंने गोलियाँ पीसकर पूरी परात में मिला दीं. सेल बढ़ाने के लिए. पुलिस को मेरा नाम दे दो, आत्या."

सरोजवहिनी ओलं फडकं तसंच टाकून दारात आली.

"पूर्ण परातीत?" मुक्तानं विचारलं.

"पूरी परात में."

"बाटल्या भरायच्या आधी?"

"हाँ, पहले."

मुक्ता उठली. चपला काढल्या, देवघरात गेली. समईशेजारी, फुलांच्या आड, लाखबंद बाटली उभी होती. यंदाची, पहिली. तिनं ती उचलली.

"वन्सं!" वहिनी ओरडली. "देवाची बाटली आहे ती!"

"म्हणूनच हवी," मुक्ता म्हणाली.

५

पट्टीवर संकेतच्या गोळीचा ठिपका कल्पनाच्या दोन्ही बाटल्यांतल्या ठिपक्याच्या अगदी रेषेत आला. तीच गोळी. तिच्यावर छातीची गोळी जिभेखाली ठेवली, की रक्तदाब एकदम कोसळतो आणि हृदय थांबतं.

देवाच्या बाटलीत मुसळी होती, दुसरं काहीच नव्हतं.

मुक्तानं दुसरी पट्टी चढवून पुन्हा तेच पाहिलं. चुकीचं निघालं असतं तर तिला आवडलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपलं काम खोटं ठरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली तेव्हा श्रीपादची पूजा नुकतीच आटोपली होती. खांद्यावर पंचा, कपाळाला गंध. तिला पाहून तो म्हणाला, "मुक्ते, बाटली घेऊन गेलीस म्हणे. काय बाप्पा, तू आणि देवाची वस्तू?"

"परत आणलीय." तिनं ती पाटावर ठेवली. तिच्याशेजारी कल्पनाची लाखबंद बाटली ठेवली, आता उघडलेली. दोन्हींवर तीच चिठ्ठी, तीच मुद्रा. सरोजवहिनी आणि संकेत दारात उभे होते.

"दादा, संकेत म्हणतो त्यानं पूर्ण परातीत मिसळलं, भरायच्या आधी. तसं असतं तर देवाची बाटलीही नासली असती. तीही त्याच परातीतून भरलेली. पण ती शुद्ध आहे. छेदीलालच्या मालात खोट असती तरी ती देवाच्या बाटलीत उतरली असती. म्हणजे ज्यानं मिसळलं, त्यानं देवाची बाटली आधी बाजूला काढली. मगच हात घातला. आणि त्यानंतर लाख लावली." ती क्षणभर थांबली. "संकेतला यातलं काही ठाऊक नाही. तो देवघरात पाऊल टाकतो ते गणपतीत लाडू उचलायला. देवाची बाटली वेगळी काढावी, हे त्याच्या डोक्यातसुद्धा येणार नाही. तो फक्त तुला वाचवतोय."

"आत्या, प्लीज़," संकेत म्हणाला.

"फडक्यावर नीळ नाही, गोळ्यांची सालं आहेत. तू त्याही वस्त्रगाळ केल्यास, दादा. अप्पांनी शिकवलं तसं."

मुक्तानं कल्पनाची बाटली उचलून त्याच्यापुढे धरली.

"मी चुकत असेन तर हे सोपं आहे. ही बाटली घे आणि देवापुढे ठेव. मी पाया पडून निघून जाते."

श्रीपादनं बाटली घेतली. देव्हाऱ्याकडे वळला. हात पुढे केला. समईच्या उजेडात तो हात हवेत तसाच राहिला. बाटली त्याला ठेवता येईना आणि खालीही घेता येईना. शेवटी संकेतनं पुढं होऊन ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"दिन्या रडला माझ्यापुढं," श्रीपाद म्हणाला. तोंड अजून देवाकडेच होतं. "वर्षभर तुझी मुळी खातोय रे, म्हणाला, काही होत नाही, बायकोच्या डोळ्याला डोळा देववत नाही. सगळेच परत येत होते, मुक्ते. अप्पांच्या मुळीला लोक हसत होते. मला वाटलं, थोडंसं. चिमूटभर. त्यांचं काम होईल आणि मुळीचं नाव राहील."

"आणि हृदयाचं?"

"विचारलं होतं!" तो एकदम वळला. "शपथ. संकेतच्या पाकिटातल्या कागदावर वाचलं होतं मी, हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यानं घेऊ नये म्हणून. प्रत्येकाला विचारलं. दिन्यालाही विचारलं, हृदयाचं काही नाही ना? हसला. छाती ठोकून म्हणाला, ठणठणीत आहे."

"विचारलंस. का विचारतोस ते सांगितलंस?"

श्रीपादनं खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"त्याला वाटलं, मुळीच तर आहे. मुळीवाल्याला कशाला सांगायचं दुखणं! मुळीनं कोण मरतं? मीच सांगत फिरते ना गावाला, की मुळीनं कोणी मरत नाही." तिचा आवाज फाटला आणि तिनं तो तसाच रेटला. "मुळीनं तो मेला नाहीच रे. तुझी मुळी चांगलीच होती. हळू होती, बस. ती हळू आहे म्हणून सांगायची तुला लाज वाटली. त्याला छातीची लाज वाटली. कल्पनाला दुधाची लाज वाटली. सगळ्यांनी आपापली लाज जपली, आणि माणूस गेला."

बाहेर बसचा कंडक्टर कानपूर, कानपूर असं ओरडत होता.

"किती गेल्या बाटल्या?"

"निम्म्या."

"तेवढ्या घरांत अजून दूध तापतंय. घरोघरच्या परत आणायच्या. संकेत, हे तुझं काम. आणि दादा, ठाण्यावर तू जातोस की मी जाऊ?"

"अप्पांचं नाव..." श्रीपाद पुटपुटला.

मुक्तानं देवाची बाटली उचलली. "अप्पांचं नाव यात आहे. एवढंच उरलंय."

श्रीपादनं पंचा घडी करून देव्हाऱ्यापाशी ठेवला आणि सदरा मागितला. सरोजवहिनीनं तो आणून दिला. गुंड्या लावताना त्याला जमेना, तेव्हा तिनंच लावल्या, खालपासून वरपर्यंत, जसं लहान मुलाला शाळेत धाडतात तसं. ठाण्यापर्यंत मुक्ता त्याच्याबरोबर चालली. रस्ताभर दोघं परतवाड्याच्या त्याच घरातली होती, आणि एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत.

६

तेराव्याला त्रिपाठी आले, पण कल्पनाला न्यायला नाही, एवढंच सांगायला. संग्रामनं तक्रार मागे घेतली होती. संग्राम जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. कल्पना समोरून गेली तेव्हा उठून उभा राहिला, "वहिनी" एवढंच म्हणाला. ती थांबली, त्याच्या खांद्यावरून निसटलेली शाल सारखी केली आणि आत गेली. माफ केलं की नाही, ते तिनं सांगितलं नाही.

जुई स्वयंपाकघरात चहा करत होती. आईला पाहून म्हणाली, "मम्मी, चीनी कितनी?" इतक्या दिवसांतला तो पहिला प्रश्न होता. कल्पनानं ओट्याला हात टेकवला आणि कशीबशी म्हणाली, "एक."

मग कल्पना मागच्या खोलीत मुक्तासमोर येऊन बसली. पितळी डबी त्यांच्या मधोमध.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"दिवाळीनंतरचे ते दिवस." कल्पनानं डबीवरच्या मोरावर बोट फिरवलं. "ते गोळीचे होते का? म्हणजे माझ्याकडे बघायचे, ते... ते सगळं औषधच होतं?"

मुक्ता आयुष्यभर कुणाचं मन राखायला खोटं बोलली नव्हती. आजही तिला तशी गरज पडली नाही.

"ती गोळी रक्ताला वाट करून देते. एवढंच करते. मनात नसेल तर तिच्यानं काहीही होत नाही. हे मी तुझ्या समाधानासाठी सांगत नाही, तिच्या शोधाच्या कागदांत लिहिलंय. वाट गोळीची होती, कल्पना. येणारा तोच होता."

कल्पना रडली नाही. तिनं डबी उचलून मांडीवर घेतली.

"तुम्ही श्रीपादभाऊजींना कोठडीत भेटायला जाणार?"

"उद्या."

"बोलतात ते?"

"नाही. भिंतीकडे तोंड करून बसतो. एवढंच म्हणतो, दिन्यानं मला खरं सांगितलं असतं तर."

कल्पनानं डबी उघडली, मिटली. आत आता काही नव्हतं. गोळ्या दरोगा घेऊन गेले होते.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "छातीचं यांनी मलाही सांगितलं नव्हतं. मी तर शेजारी झोपत होते."